पावलाची फरशी

मी एक फरशी बोलतेय. भाजक्या मातीची, हातभर लांब, हातभर रुंद, दोन बोटं जाड. वय वर्षं त्रेचाळीस. वय आधीच सांगून टाकते, कारण माझ्या आयुष्यातली बरीच वर्षं लोक मला तीनशे वर्षांची समजत होते आणि मी त्यांना समजू दिलं. फरशीला तोंड नसतं, ही सबब माझ्याकडे आहे. पण सबब ती सबबच.

माझ्या अंगावर एका लहान मुलीच्या उजव्या पायाचा ठसा आहे. टाच, चवडा, पाच बोटं, सगळं स्पष्ट. त्या ठशाचीच ही हकीकत.

एका उघड्या माळावर जुन्या मिशनचे अवशेष आहेत. प्रार्थनाघराच्या चार भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही, आणि खिडक्यांच्या जागी आभाळाचे चौकोन आहेत. बाजूला खोल्यांची रांग, एक आटलेली विहीर, भट्टीचा खड्डा आणि लांबलचक जेवणघर. जेवणघरावर आता पत्रे घातलेत. तिथे, दारातून आत आलं की सातव्या ओळीत, भिंतीकडून चौथी, अशी माझी जागा होती.

माझ्या शेजारणी खऱ्या जुन्या. त्यांचा निम्मा दिवस ‘आमच्या वेळी’ यातच जायचा. त्यांच्याकडून ऐकलं ते असं. लांबून काही पाद्री आले, त्यांनी माती कालवायला माणसं जमवली, भिंती उठल्या, शाळा भरली, आजारी माणसांसाठी दोन खोल्या झाल्या. साठ-सत्तर वर्षं तिथे घंटेवर उठणं, घंटेवर जेवणं, घंटेवर झोपणं चाललं. मग नदीने पात्र बदललं. विहीर आटली. सामान बांधून सगळे गेले. शेवटी निघालेल्या पाद्र्याने दाराला कुलूप लावलं, तेव्हा छप्पर निम्मं पडलेलं होतं. पुढे लोकांनी वासे नेले, कुलूपही नेलं, आणि शेळ्या आल्या.

शेळ्यांनंतर, खूप नंतर, संशोधक आले.

त्यात एक बाई होत्या. पाठ वाकवून, ब्रशने माती झाडत त्यांनी अख्खं जेवणघर मोकळं केलं आणि सातव्या ओळीत त्यांना ती सापडली. ती म्हणजे थोरली. खरी पावलाची फरशी. ओल्या मातीवरून धावत गेलेलं एक मूल, त्याचा चवडा खोल रुतलेला, टाच जेमतेम टेकलेली. बाई म्हणे तिथेच बसून राहिल्या होत्या. वर्तमानपत्रात फोटो आला. मोठे अधिकारी बघायला येणार असं ठरलं. त्याआधी हललेल्या फरश्या नीट बसवायच्या, म्हणून एक गवंडी नेमला.

गवंडी सदतिशीचा. हात सोन्याचा आणि तोंड शिवलेलं, अशी त्याची ख्याती. महिनाभरासाठी शहरात जाताना बाईंनी त्याला बजावलं, ‘‘सगळं करा, पण हिला हात लावू नका.’’

त्याने वीस दिवस लावला नाही. पण शेजारच्या ओळी पाणसळीत, अगदी एका पातळीत, बसत गेल्या तशी थोरली एका कोपऱ्यात डुगडुगायला लागली. येताजाता ते त्याच्या डोळ्यांत खुपायचं. वाकडं काम समोर ठेवून जेवण गोड न लागणारा माणूस तो. एकविसाव्या दिवशी त्याने म्हटलं, जरा उचलू, खाली मूठभर वाळू सरकवू, कुणाला कळणारही नाही.

उचलली आणि ती हातातच गेली. आतून पार भुसभुशीत झाली होती. बोटांचा तर चुराच झाला.

हे मला शेजारणींनी सांगितलं. त्या म्हणतात, तो ओरडला नाही, कुणाला हाक मारली नाही. मग त्याने त्या जागेवर पोतं टाकलं, वर दोन फळ्या ठेवल्या आणि ‘काम चालू आहे’ असं खडूने लिहिलं.

माझा जन्म त्याच्या घरच्या अंगणात झाला. मिशनजवळच्या ओढ्यातली माती त्याने पाटीतून आणली, चाळली, भिजवली, तुडवली. लाकडी साचा केला. आणि चार वर्षांच्या लेकीला बोलावलं. तिला घरात भिंगरी म्हणायचे, आणि नाव अगदी सार्थ होतं. पहिल्या फरशीवर तिने उडी मारली, मातीचा चिखल झाला. दुसरीवर दोन्ही पाय ठेवले आणि बोटं वळवळवून खिदळत बसली.

तिसरी मी. आता माती तेवढीच उरली होती, दिवसही तेवढेच उरले होते. ‘‘एक पाय. हलायचं नाही,’’ तो म्हणाला. ती हलली. त्याने तिला चापट मारली.

ती इतकी चकित झाली की आधी रडायलाच विसरली. मग रडत रडत, एक पाय माझ्यावर देऊन, ताठ उभी राहिली. त्याने घोटा धरून पाय खाली दाबला. स्वयंपाकघराच्या दारातून तिची आई म्हणाली, ‘‘अहो, वेड लागलंय का तुम्हाला? कशाला मारता पोरीला?’’

म्हणून माझी टाच खोल आहे. धावणाऱ्या पायाचा चवडा रुततो, दाबून धरलेल्या पायाची टाच. एक्केचाळीस वर्षं हजारो लोकांनी मला बघितलं, पण हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. लोक आधी शेजारची माहितीची पाटी वाचतात. पाटीवर जे लिहिलंय ते दिसलं की त्यांचं बघून होतं.

कुंभाराच्या भट्टीत मी भाजले गेले. गवंड्याने मला चहाच्या पाण्याने पुसलं, राखेने घासलं, एक कोपरा दगडावर टेकवून किंचित उडवला. थोरलीचे तुकडे त्याने सिमेंटच्या पिशवीच्या कागदात गुंडाळले आणि तिच्याच जागी, वाळूत पुरले. वर मला बसवलं. डुगडुग अजिबात नाही.

बाई परतल्या. माझ्याजवळ गुडघे टेकून त्यांनी विचारलं, ‘‘धुतलीत का हिला? रंग जरा उजळलाय.’’

‘‘हो,’’ गवंडी म्हणाला.

एवढंच. दोन पानी खोटं बोलणारी माणसंही मी नंतर पाहिली, पण त्या एका अक्षराइतकं टिकलेलं खोटं दुसरं पाहिलं नाही. बाईंनी अहवाल लिहिला, त्या पुढच्या कामावर गेल्या, काही वर्षांनी वारल्या. गवंडी ते काम संपवून गेला तो पुन्हा फिरकला नाही.

मग पर्यटक सुरू झाले. बस यायची, तासभर थांबायची. त्या तासाभरात त्यांना तीनशे वर्षं बघायची असत, शिवाय स्वच्छतागृह आणि चहा. प्रार्थनाघरात ते आवाज बारीक करत. का, ते त्यांनाही माहीत नसे. वर छप्पर नाही, समोर काही नाही, तरी करत. विहिरीत हमखास खडा टाकत. आणि जेवणघरात येऊन माझ्याभोवती गर्दी करत. आया आपल्या मुलाचा पाय माझ्याभोवती बांधलेल्या दोरीवरून उचलून माझ्यावर हवेत धरत आणि म्हणत, ‘‘बघ, एवढाच होता गं तिचा!’’

बावीस वर्षं ही गर्दी गाईडबाईंनी सांभाळली. उंच, खणखणीत आवाजाच्या, डोक्यावर कापडी टोपी. सुरुवातीला त्या माझ्याबद्दल दोनच वाक्यं सांगत. पुढे गोष्ट वाढत गेली. आधी मूल होतं, मग मुलगी झाली. मग ती भट्टीवाल्याची झाली. मग एका वर्षी तापाची साथ आली. त्या वर्षापासून लोक जास्त वेळ थांबायला लागले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची बस आली. शेवटी एक म्हातारा उतरला, काठी टेकत, आणि त्याच्या मागे एक बाई, एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. आवाजावरून मी दोघांनाही ओळखलं नाही. गवंडी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला होता. भिंगरी पंचेचाळीस वर्षांची, एका मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका.

त्यांच्या बोलण्यातून कळलं ते असं. आई गेली. घर विकलं. लेक वडिलांना कायमचं आपल्याकडे नेत होती, दोन दिवसांच्या प्रवासाला. वाटेत ही बस मिशनपाशी थांबते हे त्याने कुठूनतरी काढलं होतं आणि हीच बस पाहिजे म्हणून हटून बसला होता.

‘‘अण्णा, पायऱ्या आहेत. गोळी घेतलीत का? टोपी कुठंय? बसमध्येच ठेवलीत ना?’’

‘‘ठेवली असेल.’’

‘‘असेल म्हणजे काय? आणि इथे आहे तरी काय बघायला? पडक्या भिंती!’’

‘‘मी केलेलं काम आहे,’’ तो म्हणाला. तिला हे नवीन असावं, कारण ती एकदम थांबली. पण तेवढ्यात गाईडबाईंनी सगळ्यांना आत बोलावलं.

‘‘या, दोरीच्या अलीकडे उभे राहा. हे पाऊल बघा. फरश्या अंगणात वाळत घातल्या होत्या. भट्टीवाल्याची चार-पाच वर्षांची लेक धावत आली आणि ओल्या मातीवर तिचा पाय पडला. बाप रागावला. पण त्याच वर्षी तापाची साथ आली आणि ती पोर गेली. बापाने फरशी फेकली नाही. रोज जेवायला येताना दिसेल अशी, या जागी बसवली.’’

दोघीतिघींनी डोळे पुसले. हे रोजचंच होतं.

‘‘गेली नाही ती,’’ मागून आवाज आला.

‘‘काय म्हणालात, आजोबा?’’

‘‘ती पोर. मेली नाही. ही काय, इथे उभी आहे धडधाकट. सकाळपासून माझ्यावर खेकसतेय.’’

लोक हसले. भिंगरीचा चेहरा लाल झाला. ‘‘अण्णा, काय हे! माफ करा हं, उन्हाने होतं त्यांना असं.’’

‘‘उन्हाने मला काही होत नाही. जन्म उन्हात गेला माझा.’’ काठी सावरत तो दोरीपर्यंत आला. ‘‘बाई, ही फरशी मी केली. हिच्या पायाचा ठसा घेऊन. खरी होती ती माझ्या हातून फुटली. मला वाटलं होतं, इथे येईन, बघेन आणि जाईन. बोलणार नव्हतो. पण माझ्या जित्याजागत्या लेकीला तुम्ही रोज मारताय, ते कसं ऐकून घेऊ?’’

आता कुणी हसलं नाही. गाईडबाई म्हणाल्या, ‘‘आजोबा, बावीस वर्षं सांगतेय मी हे.’’

‘‘आणि मी एक्केचाळीस वर्षं सांगितलं नाही. मोठा गुन्हेगार मी.’’

तिथल्याच पुरातत्त्व खात्याच्या कचेरीतून साहेबांना बोलावलं. साहेब तरुण, कपाळाला आठी, हातात किल्ल्यांचा जुडगा. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, ‘‘पुरावा काय?’’

‘‘खाली आहे.’’

‘‘कशाच्या खाली?’’

‘‘हिच्या.’’ काठीचं टोक माझ्याकडे वळलं.

साहेब म्हणाले, फरशी उचलायची तर वरून परवानगी लागते, अर्ज करावा लागतो, पंधरा दिवस तरी जातील. गवंडी म्हणाला, ‘‘बस अर्ध्या तासात सुटते. मी परत येईन असं तुम्हाला वाटतं का?’’

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. वरिष्ठांना फोन लावला, तो कुणी उचलला नाही. दुसरा लावला, तोही नाही. मग किल्ल्या खिशात टाकून ते म्हणाले, ‘‘उचला. जबाबदारी माझी.’’ मी बऱ्याच साहेबांना पाहिलंय. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकलं.

पहारेकऱ्याने थापी आणि छिन्नी आणली. गवंड्याने थापी हातात घेतली आणि त्याचा हात असा थरथरला की ती माझ्यावर टणकन आपटली. त्याने ती लेकीपुढे धरली.

‘‘मी?’’ ती म्हणाली.

‘‘तुझा हात स्थिर आहे. टोक सांध्यात घाल. जोर लावू नकोस. सांधा खरवडत जा, चारी बाजूंनी. हां. आता उजव्या कोपऱ्याखाली. फरशीला कळता कामा नये की ती उचलली जातेय.’’

मला कळलं. एक्केचाळीस वर्षांनी पाठीला वारा लागला. मला भिंतीला टेकवून ठेवलं आणि सगळे खड्ड्याभोवती वाकले. वाळू बाजूला केली. पिशवीचा कागद कुजून गेला होता, पण त्याच्या घड्या तशाच होत्या. आत तुकडे. टाचेचा एक सगळ्यात मोठा.

‘‘हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?’’ साहेबांनी विचारलं, पण आवाजात धार नव्हती.

‘‘माहीत आहे. म्हणून तर पुरला होता.’’

भिंगरी तुकड्यांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, ‘‘तुम्ही मला चापट मारली होती. आयुष्यात एकदाच. अंगणात.’’

गवंड्याने टाचेच्या तुकड्यावरची वाळू बोटाने झाडली.

‘‘का मारलीत ते मला कधी कळलंच नाही, अण्णा. मला वाटायचं, माझ्या हातून काहीतरी मोठं मोडलं असणार. आईला विचारलं, तर ती म्हणायची, विसर आता.’’

‘‘तुझ्या हातून काही मोडलं नव्हतं,’’ तो म्हणाला. ‘‘मोडलं मी होतं.’’

तिने थापी खाली ठेवली, हातावरची वाळू झटकली. बाटलीचं झाकण काढून ती त्याच्या हातात दिली. ‘‘पाणी प्या,’’ म्हणाली. तो प्यायला. थोडं सदऱ्यावर सांडलं, ते तिने ओढणीच्या टोकाने टिपलं. दोघांमध्ये याहून जास्त काही झालं नाही. मी तरी पाहिलं नाही.

गाईडबाई कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि भिंगरीला म्हणाल्या, ‘‘तापाची साथ माझी, बरं का. कुठे लिहिलेली नाही. लोक दोन मिनिटं बघून निघून जायचे. पोर मेली की थांबायचे. मग तीच गोष्ट पडली तोंडात.’’

‘‘असू दे हो, ताई,’’ भिंगरी म्हणाली. ‘‘आमच्या इस्पितळात मेलेली माणसं उठून बसत नाहीत. मी बसले म्हणायचं.’’

त्यावर गाईडबाई हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या, आणि बस वीस मिनिटं उशिरा सुटली. साहेबांनी जबाब लिहून घेतला. गवंड्याने सही केली, वेडीवाकडी, पण पूर्ण नावाची.

पुढे काय झालं? पत्रं गेली, पत्रं आली. शेवटी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गवंड्याला खात्याकडून लेखी समज मिळाली. थोरलीचे सतरा तुकडे जोडून काचेच्या पेटीत ठेवले. टाच आहे, चवड्याचा काही भाग आहे, बोटं नाहीत. ते मूल कोण होतं, मुलगा की मुलगी, धावत कुठे निघालं होतं, कुणालाच माहीत नाही. पाटीवर आता तसंच लिहिलंय. गाईडबाई तेवढंच सांगतात. लोक दोन मिनिटं बघतात आणि निघून जातात.

मला कोठारात नेलं. वहीत नोंद केली, ‘प्रतिकृती’, आणि पाठीवर क्रमांक घातला. त्याआधी मला क्रमांक नव्हता.

मागच्या वर्षी भिंगरी पुन्हा आली, एकटी. अण्णा गेले, झोपेत, असं तिने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, ‘‘अर्ज दिलात तर ही फरशी तुम्हाला देता येईल. तशी ती आमची नाहीच.’’

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ‘‘नको,’’ म्हणाली. ‘‘दोन खोल्यांचं घर माझं. त्यात ती चापट कुठे टांगू?’’ मला वाईट वाटलं नाही. तिचं बरोबर होतं. मग तिने विचारलं, ‘‘त्यांनी इथे आणखी काय काय केलं होतं?’’

साहेबांनी जुनी फाइल काढली. हजेरीच्या पानावर ‘गवंडी, एक’ एवढंच होतं. पण कामाची यादी होती. जेवणघरातल्या दोनशे बारा फरश्या. विहिरीचा काठ. प्रार्थनाघराच्या कमानीचे अकरा दगड. गाईडबाई तिला घेऊन दुपारभर हिंडल्या. कोठाराच्या दारातून मला दोघी दिसत होत्या, कमानीखाली माना वर करून उभ्या.

आता माझा मुक्काम कोठारातल्या खालच्या फळीवर आहे. एका बाजूला तुटक्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला जुन्या पाट्या. कुणी येत नाही, आणि मला त्याचं काही नाही. बघून घ्यायचं तेवढं मी बघून घेतलं.

तुम्ही प्रवासात कधी त्या माळावर उतरलात तर माझी चौकशी करू नका. काचेच्या पेटीपाशी थांबा, हवं तर विहिरीत खडा टाका. एक मात्र करा. जेवणघराच्या या दारातून त्या दारापर्यंत, खाली न बघता, सावकाश चालत जा. कुठेही अडखळणार नाही. ते दोनशे बारा फरश्यांचं काम एका माणसाचं आहे. बस सुटायच्या आत एवढं करून बघा.